दहा तारखेच्या आत

दुर्गच्या कुटुंब न्यायालयातून आदेशाची प्रत घेऊन बाहेर पडले तेव्हा माझ्या वकिलांनी एकच गोष्ट पुन्हा पुन्हा बजावली. रकमेवर भांडायचं असेल तर पुढे भांडू, पण तारीख चुकवू नका. दर महिन्याच्या दहा तारखेच्या आत पैसे पोचले पाहिजेत. चुकले तर समोरची बाजू वसुलीचा अर्ज लावेल, कोर्ट कारखान्याला पत्र लिहील आणि तुमचा पगार तिथल्या तिथे कापला जाईल. वकील छत्तीसगढचेच, सगळं हिंदीत सांगत होते. मी मान हलवत होते आणि पायरीवर उभ्या उभ्या हिशेब करत होते की पगार कोणत्या दिवशी जमा होतो आणि कर्जाचा हप्ता कोणत्या दिवशी कापला जातो.

समोरची बाजू म्हणजे माझी सासू.

हे सांगितलं की लोक आधी गोंधळतात. पोटगी नवरा बायकोला देतो, फार तर मुलगा आईबापांना. सून सासूला पोटगी देते हे त्यांच्या डोक्यात बसत नाही. म्हणून थोडक्यात सांगते.

माझे सासरे भंडाऱ्याकडचं धानाचं शेत भावांवर सोडून भिलाईला आले आणि कारखान्यात लागले. त्यांच्या पाठोपाठ माझा नवराही तिथेच लागला. तो नोकरीत असतानाच आजारानं गेला. आम्हाला मूल नव्हतं. अशा वेळी घरातल्या एकाला कारखान्यात घेतात, आणि पहिला हक्क बायकोचा. ती नोकरी घेताना मी शपथपत्र लिहून दिलं की नवऱ्यावर अवलंबून असलेल्या त्याच्या आईला मी सांभाळीन. सही करताना मला त्यात विशेष काही वाटलं नाही. ती माझ्याच क्वार्टरमध्ये राहत होती, सकाळचा चहा आम्ही एकाच पातेल्यात करत होतो. सांभाळायचं म्हणजे आणखी वेगळं काय करायचं होतं?

धाकट्या दिराला मात्र ती नोकरी स्वतःसाठी हवी होती. त्याच्या हाताला तेव्हा धड काम नव्हतं. वहिनी, तुम्ही बाईमाणूस, प्लांटमध्ये काय कराल, असं तो चार लोकांसमोर म्हणाला होता. मी केलं. स्टोअर्समध्ये लागले, नट-बोल्ट, हातमोजे आणि बेअरिंग मोजून द्यायला शिकले. त्याला पुढे दुर्गमध्ये खाजगी कंपनीत काम मिळालं. पद्मनाभपुरात भाड्याचं घर घेतलं, बायको-मुलीला तिथे नेलं, आणि एक दिवस आईलाही चार दिवसांसाठी म्हणून घेऊन गेला. ती परत आली नाही. नंतर नोटीस आली. सून म्हणून कायद्यानं तुमच्यावर ही जबाबदारी कदाचित आली नसती, असं वकील म्हणाले, पण नोकरी त्या शपथपत्रावर मिळालेली आहे, तेव्हा द्यावं लागेल. मला देण्याबद्दल तक्रार नव्हती. कोर्टानं सांगण्याबद्दल होती.

निकालाआधी कोर्टानं समेटासाठी एक तारीख दिली होती. तो दिवस मला सगळ्यात जास्त आठवतो. व्हरांड्याच्या एका टोकाच्या बाकावर मी, दुसऱ्या टोकाला ती आणि दीर. तिनं माझंच जुनं, निळ्या काठाचं लुगडं नेसलं होतं. माझे वकील तिच्याशी बोलायला गेले. इकडच्या कोर्टात समेटाला राजीनामा म्हणतात. मी भिलाईतच वाढले, हिंदी शाळेत शिकले, त्यामुळे मला तो शब्द अडत नाही. वकील वाकून तिला काहीतरी समजावत होते, बहू, राजीनामा, अंगूठा, एवढेच शब्द माझ्यापर्यंत आले. आणि मग तिचा आवाज आला, अख्ख्या व्हरांड्यानं ऐकावा असा.

"नाही पाहिजे मले राजीनामा. मरून जाईन पन राजीनामा नाही होऊ देनार."

वकील परत आले आणि म्हणाले, साफ मना कर रही हैं. दीर माझ्याकडे बघून थोडासा हसला. मी पाण्याच्या बाटलीचं झाकण लावलं. माझा नवरा तिला माय म्हणायचा आणि लग्नानंतर मीही तेच म्हणत होते. त्या दिवसापासून मी ते बंद केलं. तसंही घरात हाक मारायला कोणी उरलं नव्हतं.

तर पैसे वेळेवर देणं. हे वाटतं तितकं सोपं नाही, आणि मी त्याचे बरेचसे मार्ग करून पाहिले आहेत.

पहिले काही महिने मी कोर्टातच पैसे भरले. कोर्टात भरलेल्या पैशाबद्दल कोणी शंका घेऊ शकत नाही, पावती शिक्क्यासकट मिळते. पण त्यासाठी सुट्टी टाकायची, दुर्गला जायचं, अर्ज द्यायचा, खिडकीसमोर उभं राहायचं. आणि तिकडे तिला ते पैसे काढायला पुन्हा कोर्टात यावं लागायचं. एकदा मी भरून निघाले तेव्हा ती फाटकातून आत येत होती, दिराच्या मागे मागे, चप्पल हातात घेऊन. बहुतेक पट्टा तुटला होता. आम्ही एकमेकींना पाहिलं. ती आत गेली, मी बाहेर पडले. घरी आल्यावर मी तिच्यासाठी चपला घेतल्या आणि एका ओळखीच्या बाईच्या हाती पाठवल्या. वकिलांना सांगितलं तर ते म्हणाले, चप्पल, औषध, साडी, काय द्यायचं ते द्या, पण कोर्ट ते पैशात धरणार नाही. हातात दिलेले पैसेही नाही. कागद नसेल तर दिलंच नाही असं समजा.

मग पोस्टानं मनीऑर्डर करू लागले. ती मला बरी वाटायची. पैसे पोचले की पोच यायची आणि तिच्यावर निळ्या शाईत अंगठा असायचा. सासूला लिहिता येत नाही, फक्त आकडे वाचता येतात. त्या अंगठ्याच्या मधोमध एक आडवी रेघ असे, विळीवर कापल्याची जुनी खूण. पालेभाजी चिरताना कापलं होतं, मी स्वतः हळद भरली होती. पोच आली की मी ती रेघ बघायचे आणि फायलीत लावायचे. पण मनीऑर्डरचा भरवसा नव्हता. कधी पोस्टमन आला तेव्हा घर बंद, कधी सणाच्या सुट्ट्या. एकदा पैसे दहा तारखेच्या नंतर पोचले आणि दिराच्या वकिलाचं पत्र आलं. पैसे पाठवल्याची तारीख धरत नाहीत, पोचल्याची धरतात. ते मला तेव्हा कळलं.

वकिलांनी सुचवलेला सगळ्यात पक्का मार्ग म्हणजे कारखान्यालाच अर्ज देऊन पगारातून परस्पर कापून पाठवायला सांगणं. एकदा सुरू झालं की तुम्हाला बघायला नको. मी नाही म्हटलं. त्यासाठी आदेशाची प्रत माझ्या ऑफिसात गेली असती, आणि तिथे कागद टेबलावरून टेबलावर जाताना सगळे वाचतात. बोल्टाची साइज विचारायला येणारे मग माझ्या घरची साइज विचारू लागले असते. वसुलीच्या पत्राची मला भीती होती ती याचसाठी. पैसे जाण्याची नव्हती.

शेवटी बँकेत स्टँडिंग इन्स्ट्रक्शन दिली. एकदा फॉर्म भरून द्यायचा की दर महिन्याला ठरलेल्या दिवशी तेवढी रक्कम आपोआप तिच्या खात्यात जाते. तिथेही एकदा ठेच लागलीच. कर्जाचा हप्ता आधी कापला गेला, खात्यात पैसे कमी पडले आणि रक्कम गेलीच नाही. नशिबानं दोन दिवस हातात होते. त्यानंतर मी या कामासाठी वेगळं खातं उघडलं आणि त्यात दोन महिन्यांची रक्कम कायम पडून राहील अशी सोय केली. दिवस दहाच्या बराच अलीकडचा धरला, म्हणजे मध्ये रविवार, सुट्टी, काहीही आलं तरी चालेल. शेऱ्याच्या जागी भरण-पोषण, म्हणजे इकडच्या कोर्टाच्या भाषेत पोटगी, आणि महिन्याचं नाव. वर्षातून एकदा खात्याचा उतारा बँकेच्या शिक्क्यासकट काढून वकिलांकडे. हे सगळं बसवल्यावर ते घड्याळासारखं चालू लागलं.

आणि त्यानंतर मला काही करायचंच उरलं नाही. दुर्गला जायला नको, पोस्टात जायला नको, पोच नाही, अंगठा नाही. महिन्यातून एकदा फोन टिंग वाजायचा आणि एक लांबलचक नंबर यायचा. सासूशी माझा जो काही संबंध उरला होता तो मी स्वतःच्या हातानं इतका व्यवस्थित करून टाकला होता की त्यात माझी गरज राहिली नव्हती.

आमच्याकडे पगाराला पगार कोणी म्हणत नाही, पेमेंट म्हणतात. नवरा होता तेव्हा पेमेंटच्या दिवशी तो बँकेतून थोडे पैसे काढून आणायचा आणि आधी आईच्या हातावर ठेवायचा. माय, पेमेंट झालं, एवढंच म्हणायचा. ती नोटा कपाळाला लावून कमरेला खोचायची आणि मग त्याला कॅम्प-१च्या बाजारात मटण आणायला पिटाळायची. खसखस आणि सुकं खोबरं तव्यावर भाजायचं काम तिचं, वाटायचं माझं. मी एकटी राहू लागल्यावर पेमेंटचा दिवस इतर दिवसांसारखाच झाला. एकदा त्याच मटणाच्या दुकानात गेले होते. एका माणसापुरतं पाव किलो मागायला तोंड उघडेना, म्हणून पलीकडून वांगी घेऊन आले. क्वार्टरमध्ये मी पुढच्या खोलीत राहते. मागची खोली तिची होती, तिथे आता वाळवणाची दोरी आहे. पावसाळ्यात ती उपयोगी पडते.

अशी काही वर्षं गेली. मग एका महिन्यात फोन दोनदा वाजला. पहिला मेसेज पैसे गेल्याचा. दुसरा ते परत आल्याचा.

मी बँकेत गेले. बाईंनी कॉम्प्युटरमध्ये पाहून सांगितलं की तुमच्याकडून सगळं बरोबर आहे, समोरचं खातं थांबलंय. खातेदारानं ओळखीचे कागद नव्यानं दिलेले नाहीत, केवायसी राहिलंय. ती स्वतः तिच्या शाखेत जाऊन आधार कार्ड आणि फोटो देईल तेव्हाच चालू होईल. दहा तारीख जवळ आली होती. मी दिराला फोन लावला, कितीतरी महिन्यांनी. सांगितलं की आईला बँकेत घेऊन जा, एवढंच काम आहे. तो म्हणाला, "वहिनी, ते तुमचं तुम्ही पाहा. मले सुट्टी नाही. तारीख निकल गई तो हम कोर्ट जाएंगे, बस." त्याला केवायसीचं बँकेचं पत्र आलेलं होतं की नाही, हे मी विचारलं नाही. उत्तर खरं मिळणार नव्हतं.

वकिलांनी फोनवर घाई करायला सांगितली. तिच्या खात्याची चूक असली तरी तारीख तुमची चुकेल. आजच कोर्टात पैसे भरा, आणि सोबत अर्ज द्या की खातं थांबल्यामुळे रक्कम परत आली, बँकेचा मेसेज जोडा. मी हाफ डे टाकला, दुर्गला गेले, पुन्हा त्याच खिडकीसमोर उभी राहिले. पावती हातात आली तेव्हा दुपार झाली होती. माझं काम तिथे संपलं होतं. समोर रिक्षा उभी होती, भिलाईच्या सवाऱ्या भरत होती.

मी दुसऱ्या रिक्षात बसले आणि पद्मनाभपूर म्हटलं. विचार सरळ होता. दीर कामावर असेल. पुढच्या महिन्यात पुन्हा कोर्टात खेटा घालायचा नसेल तर कोणीतरी म्हातारीला बँकेत नेलं पाहिजे, आणि ते कोणीतरी म्हणजे मीच. असं मी स्वतःला सांगितलं.

दार तिनंच उघडलं. जाऊ मुलीला आणायला शाळेत गेली होती. सासू बारीक झाली होती, पदर डोक्यावरून घसरत होता. मला बघून तिला नवल वाटलं नाही, वाट बघत असल्यासारखी म्हणाली,

"आली का मोठी. सोडली वाटते शेवटी."

मोठी म्हणजे थोरली सून. ती मला नावानं कधीच हाक मारत नसे. मी विचारलं, काय सोडली?

"नोकरी. राजीनामा देल्ला ना तू? पैसे नाही आले या खेपेले. धाकटा म्हने, आता बंद."

"मी कायले राजीनामा देऊ, माय?" मी म्हटलं. माय हा शब्द तोंडातून गेला तेव्हा माझ्याही लक्षात आलं नाही.

"मंग पैसे कावून नाही आले?" तिनं दाराची चौकट धरली होती. "मी तवाच त्या तुह्या वकिलाले सांगतलं होतं. तो म्हने, बहू राजीनामा देते, तू अंगठा लाव. म्या म्हटलं, नाही पाहिजे मले राजीनामा. माह्या पोराची नोकरी हाये ते. सुनेनं ते बी सोडून देल्ली तं त्याचं राह्यलं काय?"

दारातच पायरी होती, तिथे बसले.

तिचं बरोबर होतं. मराठीत राजीनामा म्हणजे नोकरी सोडणं. तिच्या आयुष्यात तो शब्द एवढ्याच अर्थानं आला होता, सासऱ्यांच्या तोंडून, त्यांच्या सोबत्यांच्या तोंडून, अमक्यानं राजीनामा दिला आणि गावी गेला. कोर्टातला राजीनामा तिला कुठून माहीत असणार? वकिलानं हिंदीत समेट विचारला, तिनं मराठीत माझी नोकरी वाचवली, आणि व्हरांड्यातल्या आम्ही सगळ्यांनी, मी, दीर, दोन्ही बाजूंचे वकील, ते भांडण म्हणून ऐकलं. मला तर दोन्ही अर्थ येत होते. मी त्यातला एक निवडला होता.

मी तिला समजावून सांगितलं. दोनदा सांगावं लागलं. मग ती म्हणाली, "असं व्हय. मंग तू बोलली कावून नाही इतके दिवस?"

"तू तरी कुठं बोलली?"

"मले वाटलं, तुले राग आला. मी तुले नोकरी सोडू नाही देल्ली म्हनून."

आम्ही दोघीही रडलो वगैरे नाही. बँक चारला बंद होते. मी तिला आधार कार्ड शोधायला लावलं, ते पिठाच्या डब्यामागे निघालं. कोपऱ्यावरच्या दुकानात तिचा फोटो काढून घेतला, त्यात ती तुरुंगातून सुटल्यासारखी दिसते. बँकेतल्या मुलानं फॉर्म भरताना मला विचारलं, आप इनकी कौन? मी म्हटलं, बहू. त्यानं कौतुकानं मान हलवली, आजकाल कोण एवढं करतं म्हणाला. सासू हिंदी समजत नसल्यासारखी बघत होती आणि तिचे ओठ हलत होते. खिडकीपासून बाजूला आल्यावर म्हणाली, "त्याले सांगाचं होतं ना, केस चालू हाये म्हनून."

तिथे बँकेच्या आत, पासबुक छापायच्या मशीनजवळ एक बाक आहे. आम्ही त्यावर बसलो. मी सरळ विचारलं, माय, घरी चलते का? मागची खोली रिकामी आहे.

तिनं आधार कार्ड पदरात गुंडाळलं. मग म्हणाली, "आन् तिथं कोन हाये? तू तं डूटीवर. दिवसभर भिताडाशी बोलू का? इथं नात शाळेतून आली का पयले मलेच हाक मारते."

भिताडाचं तिनं बरोबर सांगितलं होतं. मी म्हटलं, मग कोर्टातला कागद तरी काढून टाकू. आता आपलं भांडण नाही. वकील म्हणतात, कधीही राजीनामा होऊ शकतो, तुह्यावाला नाही, त्यांच्यावाला. पैसे मी तसेही देत राहीन.

ती हसली, पण मान नाही म्हणून हलवली.

"नको. कागद राहू दे. कागद हाये तं धाकट्याले मालूम हाये, हे बुढी फुकट नाही खात. पैसे आले का मले चहा गरम भेटते, मांगावा नाही लागत. या खेपेले नाही आले तं मी चार दिवसांपासून मांगून पेऊन राहिली." आणि मग, बाहेर रस्त्याकडे बघत, "आन् उद्या तुह्या मनातून उतरली मी तं? कागदाले मन नसते."

मला ते लागलं, खोटं कशाला बोलू. पण तिच्या जागी मी असते तर मीही हेच म्हटलं असतं, फक्त इतक्या थोडक्यात म्हणता आलं नसतं. तारीख चुकू नये म्हणून मी इतकी वर्षं धडपडले ती माझ्या ऑफिसातल्या अब्रूसाठी. त्या तारखेवर पद्मनाभपुरातल्या एका स्वयंपाकघरात कोणाचा चहा गरम किंवा गार होतो, हे माझ्या डोक्यात कधीच आलं नव्हतं.

दिरानं वसुलीचा अर्ज लावलाच. पण माझी कोर्टातली पावती दहा तारखेच्या आधीची होती आणि अर्जही सोबत होता, त्यामुळे ते तिथेच मिटलं. कारखान्याला पत्र गेलं नाही.

मी बँकेत जाऊन स्टँडिंग इन्स्ट्रक्शनचा दिवस बदलला. आता पेमेंट जमा झालं की दुसऱ्या दिवशी सकाळीच पैसे जातात. फॉर्मवर कारणाची जागा होती, तिथे मी ‘सोयीसाठी’ लिहिलं. शेऱ्याच्या जागी एकदा ‘पेमेंट’ असं लिहून पाहिलं होतं. वर्षाचा उतारा बघताना वकिलांनी त्यावर बोट ठेवलं. हे काय, उद्या कोणी म्हणेल हे दुसऱ्याच कसले पैसे आहेत, भरण-पोषणच लिहा. त्यांचं बरोबर होतं. मी पुन्हा भरण-पोषण लिहू लागले. तिला तसंही ते वाचता येत नाही.

स्टोअर्सला रविवारीही माणूस लागतो, म्हणून माझी साप्ताहिक सुट्टी बुधवारी असते. पेमेंटनंतरच्या बुधवारी मी दुर्गला जाते. ती पासबुक पिशवीत घालून चालत येते, घरी सांगते की छापायला जाते. आम्ही त्याच बाकावर बसतो. मशीन करकरत पान बाहेर ढकलतं, ती शेवटच्या ओळीतला आकडा बोटानं शोधते आणि म्हणते, "झालं पेमेंट." मग आम्ही बाहेर चहाच्या टपरीमागे, झाडाखाली जातो आणि मी डबा उघडते. कॅम्प-१च्या दुकानात मी आता अर्धा किलो मागते. पहिल्यांदा खाल्लं तेव्हा म्हणाली, खसखस जळवली तू. दुसऱ्यांदाही म्हणाली. जाऊला मटणाचा वास येऊ नये म्हणून ती टपरीवाल्याकडून पाणी मागून हात दोनदा धुते, वर बडीशेप चघळते.

नात शाळेतून येण्याआधी तिला पोचायचं असतं. ती निघते, वळून वगैरे बघत नाही, तिची नजर रस्त्यातल्या गाड्यांवर असते. कोर्टाच्या कागदावर ती अजूनही आवेदिका, म्हणजे अर्जदार, आहे आणि मी अनावेदिका, जिच्याविरुद्ध अर्ज आहे ती. मी रिकामा डबा पिशवीत उभा ठेवते, म्हणजे रस्सा सांडत नाही, आणि भिलाईच्या रिक्षात जागा मिळेपर्यंत थांबते. घरी उरलेलं मटण असतं. ते मी रात्री खाते, आणि उरलं तर दुसऱ्या दिवशीही.